सापळ्यात सापडला, पण कामी आला का?

टेबलावर कामगंध सापळ्याचा चिकट तळ उघडून ठेवलेला आहे. त्यावर पन्नास-साठ राखाडी पतंग, काही उताणे, काही पंख फाटलेले. समोरची व्यक्ती चिमट्यानं एकेक उचलते, त्याचं पोट पांढऱ्या कागदावर चिरडते आणि डाग बघते. डाग गुलाबीसर लाल आला, की तो ‘आपला’. मळकट पिवळा आला, की ‘जंगली’. आपला, आपला, आपला, जंगली, आपला. हंगामभर हेच काम.

पतंग आहे कॉडलिंग मॉथ. सफरचंद कापल्यावर गाभ्यापाशी जी अळी आणि तिनं केलेली घाण दिसते, ती बहुतेक वेळा याची. ‘आपले’ पतंग कारखान्यात वाढवलेले असतात. त्यांच्या अळ्यांच्या कृत्रिम खाद्यात कॅल्को रेड नावाचा रंग कालवलेला असतो. तो अळीच्या चरबीत मुरतो आणि तिचा पतंग झाला तरी पोटात टिकतो. या पतंगांवर किरणांचा मारा करून त्यांना वंध्य करतात, गारठवून निपचित करतात आणि बागेत नेऊन सोडतात. जंगली मादीची गाठ अशा नराशी पडली, तर तिची अंडी उबत नाहीत. हे पुरेशा माद्यांच्या बाबतीत घडलं, की पुढची पिढी रोडावते. फवारणी नाही, मधमाश्यांना धोका नाही, मित्रकीटकही सुखरूप.

तंत्र इतकं देखणं आहे, की त्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. कारखान्यातून आठवड्याला लाखो पतंग बाहेर पडले हे मोजता येतं. पण बागेत गेल्यावर ते कामाला लागले, की गवतात पडून मुंग्यांच्या तोंडी गेले, हे कसं ठरवायचं?

शेळीच्या जखमेतली अंडी

या तंत्राची सुरुवात बागेत नव्हे, गोठ्यात झाली. अमेरिकेत स्क्रूवर्म नावाची माशी जनावरांच्या जखमेत अंडी घालायची आणि तिच्या अळ्या जनावराचं जिवंत मांस खायच्या. एडवर्ड निपलिंग या कीटकशास्त्रज्ञाच्या डोक्यात १९३०च्या दशकाअखेरीस कल्पना आली: या माशीची मादी सहसा एकदाच मिलन करते, तर ते एक मिलन वंध्य नराशीच घडवून आणलं तर? क्ष-किरणांनी फळमाशीच्या वंशात बिघाड होतो, हे हर्मन मलर यांनी १९२७ मध्ये दाखवून दिलेलं होतंच. निपलिंग यांचे सहकारी रेमंड बुशलँड यांनी माशा वाढवण्याचं आणि वंध्य करण्याचं तंत्र बसवलं. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर वंध्य माशा सोडल्या आणि काही महिन्यांत बेटावरची स्क्रूवर्म नाहीशी झाली.

यश आलं हे त्यांनी ओळखलं कसं, हे जास्त महत्त्वाचं आहे. बेटावर ठिकठिकाणी जखम असलेल्या शेळ्या बांधून ठेवल्या होत्या. जंगली माशा त्या जखमांवर अंडी घालायच्या. माणसं ती अंडी गोळा करायची आणि उबतात का ते बघायची. न उबणाऱ्या पुंजक्यांचं प्रमाण चढत गेलं आणि शेवटी अंडीच मिळेनाशी झाली. म्हणजे मोजणी माश्यांची नव्हती, तर माशा ज्या कामासाठी सोडल्या त्या कामाची होती.

आता हेच सफरचंदाच्या बागेत करून बघा. कॉडलिंग मॉथची मादी अंडी एकेकटी घालते. प्रत्येक अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, चपटं, जवळजवळ पारदर्शक. पानावर किंवा फळावर चिकटवलेलं. भिंग घेऊन फांदीफांदी धुंडाळली, तरी तासाभरात हाती काय लागेल याची खात्री नाही. शेळीच्या जखमेवरचा पुंजका वेगळा आणि हजारो पानांमधला हा ठिपका वेगळा. म्हणून बागेत आडवाट धरावी लागली. सापळे लावा, सापडलेल्या नरांत वंध्य किती आणि जंगली किती ते मोजा, आणि त्या प्रमाणावरून अंदाज बांधा.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं ओकानागन खोरं हे या कामाचं सर्वात नावाजलेलं ठिकाण. ओसोयूस गावी पतंगांचा कारखाना उभा राहिला आणि १९९४ पासून बागांमध्ये पतंग सोडायला सुरुवात झाली. तिथे लक्ष्य ठेवलं ४० वंध्यांमागे १ जंगली. हा चाळिसाचा आकडा पुढे इतका प्रसिद्ध झाला, की सापळ्यात ४०:१ दिसलं म्हणजे काम फत्ते, अशी समजूत होऊन बसते.

चाळीस म्हणजे नक्की किती

थोडा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. बागेत १०० जंगली माद्या आणि १०० जंगली नर आहेत. आपण ४,००० वंध्य नर सोडले. काहीच केलं नसतं, तर एका मादीमागे पुढच्या पिढीत ५ माद्या झाल्या असत्या.

वंध्य नर जंगली नराच्या तोडीस तोड असेल, तर मादीला जंगली नर भेटण्याची शक्यता ४१ मध्ये १. म्हणजे १०० माद्यांपैकी जेमतेम अडीच सुफळ. पुढच्या पिढीत १०० च्या जागी १२ माद्या. उत्तम.

आता तोच वंध्य नर जंगली नराच्या चौथाईच कामाचा आहे असं धरा. ४,००० ची किंमत १,००० इतकीच उरली. ११ पैकी १ मादी सुफळ, पुढच्या पिढीत साधारण ४५. घट आहे, पण आधीसारखी नाही.

आणि तो विसाव्या हिश्श्याचा असेल तर? ४,००० ची किंमत २००. तीनपैकी एक मादी सुफळ. ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ च्या वर. कीड वाढली! सोडलेले पतंग तेवढेच, खर्च तेवढाच, सापळ्यातलं प्रमाणही कदाचित तेच ४०:१.

सगळं कोडं या ‘तोडी’त आहे. शास्त्रज्ञ तिला स्पर्धाक्षमता म्हणतात. प्रमाण सापळ्यातून मिळतं, तोड मात्र सापळ्यातून मिळत नाही.

सापळा काय लपवतो

कामगंध सापळ्यात मादीचा नकली गंध असतो. त्या गंधामागे नर उडत येतो आणि चिकटतो. म्हणजे सापळा मोजतो ते गंधाच्या दिशेनं उडून येणं. मिलन तो मोजत नाही. वंध्य आणि जंगली नर सारख्याच ओढीनं सापळ्याकडे येत असतील, तरच सापळ्यातलं प्रमाण बागेतलं प्रमाण म्हणून खपेल. आणि ती ओढ सारखी असतेच असं नाही.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण पौर्वात्य फळमाशीचं आहे. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या माशीच्या नरांना मिथाइल युजेनॉल हे वासाचं रसायन अतोनात आवडतं. सापळ्यातही तेच वापरतात. हे नर ते चाटतात आणि त्यापासून स्वतःचा गंध बनवतात, त्यामुळे माद्या त्यांच्याकडे जास्त आकृष्ट होतात. मग कुणीतरी शहाणपणा केला: सोडण्याआधीच वंध्य नरांना मिथाइल युजेनॉल चाखवलं. ते मिलनात सरस ठरले. पण एकदा पोटभर चाखलेला नर पुन्हा त्या वासाकडे तितकासा धावत नाही. परिणाम असा, की नर सुधारले आणि सापळ्यात कमी सापडू लागले. नुसता सापळ्याचा तक्ता बघणारा म्हणेल, या खेपेचा माल खराब आला.

कॉडलिंग मॉथच्या बाबतीत उलटीकडून गोंधळ होतो. नर-मादी वेगळे करण्याची सोय नसल्यानं कारखान्यातून दोघंही सोडले जातात. वंध्य मादीसुद्धा गंध सोडून नरांना बोलावते. म्हणजे बागेत हजारो जिवंत ‘सापळे’ आपणच सोडलेले असतात आणि झाडावर टांगलेला नकली सापळा त्यांच्याशी स्पर्धा करत असतो. बागायतदारानं गंधाच्या पट्ट्या लावून नरांना भांबावून टाकायचा उपायही केला असेल, तर सापळा आणखीच मुका होतो. अशा बागेत सापळ्यात नासपतीच्या वासाचं रसायन घालतात; त्याकडे नर आणि माद्या दोघंही येतात.

मग ओळखीचा प्रश्न. सुरुवातीला सांगितलेला लाल डाग भरवशाचा वाटतो, पण समजा शंभरात एका पतंगात रंग नीट मुरला नाही. सापळ्यात ३०० वंध्य आले, तर त्यातले ३ ‘जंगली’ म्हणून नोंदले जातील. बागेत एकही जंगली नसताना कागदावर ९९:१ दिसेल. जिथे कीड दाबून ठेवायची एवढाच हेतू आहे, तिथे हे चालून जातं. जिथे कीड समूळ गेली असं जाहीर करायचं आहे, तिथे एका खोट्या ‘जंगली’ माशीमुळे फळांची वाहतूक अडू शकते.

फळमाशांच्या बाबतीत निसर्गानं यावर एक सुरेख सोय करून ठेवली आहे. कोषातून बाहेर पडताना माशी कपाळातून एक फुगा बाहेर काढते, त्या फुग्यानं कोषाचं टोपण ढकलते आणि मोकळी झाली की फुगा परत डोक्यात ओढून घेते. कोषांवर आधीच चमकणारी पूड माखलेली असते. फुग्याच्या घड्यांत तिचे कण अडकतात आणि कायमचे डोक्यात कोंडले जातात. अंगावरची पूड पावसानं धुऊन गेली, तरी अतिनील दिव्याखाली डोकं चिरडलं की केशरी किंवा हिरवे ठिपके चमकतात. तरीही शंका राहिलीच, तर माशी चिरून तिची जननेंद्रियं बघतात. किरण लागलेल्या मादीचा अंडाशय खुरटलेला असतो.

सरासरीचा घोळ तर कुठल्याही सर्वेक्षणात असतोच, इथेही आहे. दोन सापळे. पहिल्यात २०० वंध्य, जंगली एकही नाही. दुसऱ्यात १२ वंध्य, ३ जंगली. बेरीज करा: २१२ ला ३, म्हणजे ७० ला १. लक्ष्याच्या कितीतरी पुढे! पण दुसरा सापळा जिथे आहे त्या कोपऱ्यात प्रमाण आहे ४ ला १. त्या कोपऱ्यापलीकडे बहुधा कुणीतरी सोडून दिलेलं सफरचंदाचं झाड असतं, नाहीतर फळांच्या जुन्या लाकडी पेट्यांची चळत, जिच्या फटींत अळ्या हिवाळा काढतात. कीड बागेत सारखी पसरलेली नसते, आणि वंध्य पतंगही सारखे पसरत नाहीत.

कारखान्यातून निघताना

बागेत जाण्याआधी कारखान्यात चाचण्या होतात. कोषांचं वजन, शंभरात किती बाहेर आले, अन्नपाण्याविना किती तास जगले. किरण लागले की नाही हे कळावं म्हणून डब्याला एक पट्टी चिकटवतात. तिच्यावर ‘किरण दिलेले नाहीत’ अशा अर्थाचा मजकूर असतो. पुरेसा मारा झाला, की त्यातला नकार काळवंडून झाकला जातो आणि उरतं ते ‘किरण दिलेले’.

उडण्याची चाचणी अगदी साधी. साधारण दहा सेंटिमीटर उंचीची काळी नळी, आतल्या बाजूला शंखजिऱ्याची पूड फासलेली, तळाशी १०० कोष. पुडीमुळे भिंतीवर चढता येत नाही, पाय घसरतात. ज्या माशीला उडता येतं तीच बाहेर पडते. उरलेल्या मोजायच्या. चाचणी स्वस्त आहे, दर खेपेला करता येते आणि धडधडीत खराब माल अडवते. पण दहा सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडणं आणि वाऱ्यात झाडावरून झाडावर जाऊन मादी शोधणं यात फार अंतर आहे.

किरणांची मात्रा हाही तडजोडीचाच मामला. ही मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. माणसाला ४-५ ग्रे एकदम बसले, तर उपचारांअभावी जिवावर बेततं. कॉडलिंग मॉथला १५० ते २५० ग्रे देतात आणि तो तरीही उडतो. पतंगांच्या गुणसूत्रांची घडण वेगळी असते. इतर बहुतेक प्राण्यांत पेशी विभागताना गुणसूत्र एकाच ठिकाणी धरून ओढलं जातं. पतंगांत ते अख्ख्या लांबीभर धरलं जातं. त्यामुळे किरणांनी तुकडे पडले, तरी तुकडे हरवत नाहीत. म्हणून मात्रा जास्त लागते. मात्रा वाढवली की नर पक्का वंध्य होतो, पण मरगळतो. कमी केली की चपळ राहतो, पण पुरता वंध्य होत नाही.

त्यातही एक मेख आहे. कमी मात्रेच्या नराची जी थोडी पिल्लं होतात, ती बापापेक्षाही जास्त वंध्य असतात आणि त्यांच्यात नर जास्त असतात. म्हणजे पुढच्या पिढीत काम आपोआप चालू राहतं. छान. पण ही पिल्लं बागेत वाढलेली. त्यांनी कारखान्यातलं खाद्य खाल्लेलं नाही, म्हणून त्यांच्या पोटात लाल रंग नाही. सापळ्यात सापडली, तर कागदावर मळकट पिवळा डाग उमटतो आणि आपण त्यांना ‘जंगली’ म्हणून नोंदवतो. आपल्याच फौजेची पोरं शत्रूच्या खात्यात!

जाळीत उभं राहून

तोड मोजायची सगळ्यात प्रामाणिक पद्धत मला वाटते ती बागेतल्या जाळीची. झाडाभोवती माणूस उभा राहू शकेल एवढी मोठी जाळी लावतात. भूमध्य फळमाशीसाठी आत २५ जंगली माद्या, २५ जंगली नर आणि २५ वंध्य नर सोडतात. कुठला नर कुठला हे कळावं म्हणून एका गटाच्या पाठीवर रंगाचा टिंब देतात. मग माणूस पहाटेपासून आत उभा राहतो आणि जमलेली प्रत्येक जोडी अलगद कुपीत धरतो. २० जोड्या जमल्या आणि त्यांत ६ नर वंध्य निघाले, तर निर्देशांक ०.३. दोन्ही नर समसमान असते, तर ०.५ आला असता.

जाळीत उभं राहणाऱ्याला आकड्यापलीकडचंही दिसतं. या माशीचे नर पानांच्या खालच्या बाजूला घोळक्यानं जागा धरतात, गंध सोडतात, मादी आली की पंख गुणगुणवतात, डोकं हलवतात. मादी बघते, मग ठरवते. कारखान्यातल्या पिंजऱ्यात एवढी दाटी असते, की हे सगळे सोपस्कार करायला वेळच नसतो. जो नर झटपट उरकतो त्याचीच पिल्लं पुढे जातात. पिढ्यामागून पिढ्या हेच चाललं, की कारखान्यातल्या नरांचं प्रणयाराधन आखूड होत जातं. संशोधकांनी हे चित्रीकरण करून तपासलं आहे. कारखान्यासाठी तो उत्तम नर, बागेतल्या मादीसाठी मात्र अडाणी.

जंगली माद्याही गप्प बसत नाहीत. जपानच्या ओकिनावा बेटावर खरबूजमाशीवर हे तंत्र वापरताना, वंध्य नरांना नाकारणाऱ्या माद्या दिसू लागल्याची नोंद संशोधकांनी केली. तरीही मोहीम चालू राहिली आणि १९९३ मध्ये ओकिनावा प्रांतातून ही माशी संपली. पण नकार देणाऱ्या माद्या सापळ्याच्या तक्त्यात कुठेच दिसल्या नसत्या. सापळ्यात नर येतात. मादीचं मत तिथे कुणी विचारत नाही.

जोड्या मोजण्याऐवजी अंडी मोजायची असतील, तर फ्रीड यांच्या नावानं ओळखलं जाणारं १९७१ पासूनचं एक सूत्र वापरतात. तीन जाळ्या लागतात. समजा, फक्त जंगली नर-माद्या असलेल्या जाळीत ९० टक्के अंडी उबली. जंगली माद्या आणि फक्त वंध्य नर असलेल्या जाळीत २ टक्के उबली. तिसऱ्या जाळीत एका जंगली नरामागे ४ वंध्य ठेवले आणि ४० टक्के उबली. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक ५०, तिसऱ्या आणि दुसऱ्यातला ३८. पन्नासाला अडतिसानं भागा आणि आलेल्या उत्तराला चारानं. येतं ०.३३ च्या आसपास. म्हणजे तीन वंध्य नर मिळून एका जंगली नराची बरोबरी करतात. हा आकडा हाती असेल, तर वर केलेला ४०:१चा हिशेब खऱ्या अर्थानं करता येतो. चाळीस दिसले, पण मोलानं तेरा.

भूमध्य फळमाशीत पुढे मोठी सुधारणा झाली ती वेगळ्या वाटेनं. अंडी ३४ अंशांच्या आसपास तापवली की माद्या मरतात आणि नर वाचतात, असा वाण तयार केला गेला. नुसते नर सोडले, की ते आपल्याच कारखान्यातल्या माद्यांमध्ये रमत नाहीत, दूर पसरतात आणि जंगली माद्या शोधतात. ग्वाटेमालातल्या कॉफीच्या मळ्यांत याची मोठ्या क्षेत्रावर चाचणी झाली. जंगली माद्यांच्या अंड्यांत आलेली वंध्यता नर-मादी दोन्ही सोडल्यापेक्षा कित्येक पट जास्त भरली. यात चाचणीची पद्धतच मला जास्त आवडते: पुन्हा शेळीच्या जखमेकडे, म्हणजे अंड्यांकडे परत जाणं.

गार संध्याकाळ

ओकानागनमध्ये एक जुनी तक्रार होती. उन्हाळ्यात सापळे वंध्य पतंगांनी भरायचे, वसंतात मात्र सोडलेल्यांपैकी फारच थोडे सापडायचे. आणि वसंतातली पहिली पिढीच तर मारायची असते. तेव्हा चुकलं, की पुढे वर्षभर पाठलाग.

कॉडलिंग मॉथ संध्याकाळी उडतो. संध्याकाळचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं, की उड्डाण मंदावतं. जंगली पतंगानं हिवाळा सालीखाली सुप्तावस्थेत काढलेला असतो, वसंतातल्या गार संध्याकाळी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. कारखान्यातला पतंग वर्षभर एकाच उबदार तापमानात वाढलेला. त्याला थेट शीतपेटीतून काढून चारचाकी मोटारसायकलवरून झाडांच्या ओळींत सोडलं जायचं. मग काही संशोधकांनी कारखान्यातल्या अळ्यांनाही मुद्दाम सुप्तावस्थेत नेऊन पतंग तयार केले, आणि ते गारव्यात अधिक चांगले उडाले. नळीच्या चाचणीत हा फरक दिसायचा नाही, कारण ती चाचणी उबदार खोलीत होते.

उत्तरेत हिवाळा असताना कॅनडातल्या पतंगांना घरच्या बागेत काम नसायचं, दक्षिणेत तेव्हा उन्हाळा. म्हणून कॅनडातले वंध्य पतंग विमानानं न्यूझीलंडला पाठवून हॉक्स बे भागात ड्रोननं सोडण्याचे प्रयोग झाले. शीतपेटीत दिवस काढून, अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या पतंगाची परीक्षा सोडल्यानंतरच्या संध्याकाळी घ्यावी लागते. निघताना मिळालेले गुण तिथे लागू होत नाहीत.

शेवटी फळ

बागायतदाराला ना निर्देशांक हवा असतो ना प्रमाण. त्याला पेटीतलं फळ अखंड हवं असतं. ओकानागनमध्ये जंगली पतंगांची संख्या आणि या किडीसाठीची फवारणी, दोन्ही ९० टक्क्यांहून अधिक घटल्याची नोंद आहे. आकडा घसघशीत आहे. पण याचं किती श्रेय वंध्य पतंगांचं, हे वेगळं काढणं सोपं नाही. सुरुवातीच्या वर्षांत फवारण्यांनी संख्या आधी खाली आणली गेली, परसातल्या झाडांवर नजर ठेवली गेली, काही ठिकाणी गंधाच्या पट्ट्याही होत्या. तुलनेला शेजारची बाग घ्यावी, तर तीही याच मोहिमेत; आणि मोहिमेबाहेरची घ्यावी, तर तिथून मिलन झालेल्या माद्या उडून इकडे येणार.

फळांच्या मोजणीतही फसगत आहे, आणि ती साध्या गणिताची आहे. हजारात २ फळं किडलेली असतील आणि तुम्ही १०० फळं तपासली, तर एकही किडकं न दिसण्याची शक्यता ८० टक्क्यांहून अधिक. हजार तपासली, तरी ती १३ टक्क्यांच्या आसपास उरतेच. ‘शून्य आढळलं’ असं अहवालात दिसलं, की मी आधी खालच्या ओळीत किती फळं बघितली ते शोधतो.

म्हणून जाणती माणसं झाडाच्या शेंड्याकडची फळं आवर्जून बघतात, कारण मादी अंडी घालायला उंचावरची जागा पसंत करते. आणि सगळ्या बागेत सारखी फळं न मोजता ज्या सापळ्यात ४ ला १ दिसलं होतं, त्या कोपऱ्यातल्या झाडांना आधी शिडी लावतात.